आभाळ वाचणारा चित्रकार

वाचायचे ते कागदावर, असे आपण समजतो. पण विचार करा, अक्षरओळख नव्हती तेव्हासुद्धा तुम्ही वाचतच होता. पहाटे दारात उभे राहून आभाळ वाचत होता. मळभ आहे की मोकळे आहे, वारा कोणीकडचा आहे, खळ्यावर धान्य पसरावे की झाकून ठेवावे, होडी पाण्यात लोटावी की वर ओढून ठेवावी, हे सारे आभाळाकडे पाहूनच ठरत होते.

आभाळाची पोथी फार जुनी आहे. पण तिची एक अडचण आहे. तिचे पान घटकेघटकेला बदलते, आणि गेलेले पान पुन्हा उघडता येत नाही. ते पान रंगांनी कापडावर उतरवून ठेवायचा ध्यास एका माणसाने जन्मभर घेतला. त्याचे नाव क्लोद मोने. तो फ्रान्स देशाचा. त्याने सूर्योदय रंगवला, धुके रंगवले आणि एका खडकाळ बेटावर राहून तुफानही रंगवले. हे त्याला कसे साधले, कोणाकडून शिकला आणि काय सोसले, ते या धड्यात पाहू.

१. आभाळाचा गुरू

मोने १८४० साली पॅरिस शहरात जन्मला. पण तो लहानाचा मोठा झाला ल हाव्र या बंदरात. हे बंदर फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. शाळेत त्याचे मन लागत नसे. वहीत तो मास्तरांची आणि गावातल्या मोठ्या लोकांची गमतीची चित्रे काढी. ती चित्रे एका दुकानात मांडलेली असत. लोक ती पाहून हसत आणि पैसे देऊन विकत घेत.

त्याच गावात युजेन बूदँ नावाचा चित्रकार होता. तो खलाशाचा मुलगा. लहानपणी त्याने स्वतः बोटीवर काम केलेले. त्याने मोनेची चित्रे पाहिली. पोराच्या हातात कसब आहे हे त्याने ओळखले. तो म्हणे, माझ्याबरोबर बाहेर चल आणि जे समोर दिसते ते काढ. १८५८ च्या सुमारास तो या पोराला समुद्रकाठी घेऊन जाऊ लागला.

तोपर्यंत बहुतेक चित्रकार शेवटचे चित्र खोलीत बसूनच पुरे करीत. याला एक साधे कारणही होते. रंग तेलात खलून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावे लागत. पिशवी फुटे आणि रंग वाळून जाई. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूची दाबायची नळी काढली. आपण दात घासायला वापरतो ती पेस्ट जशी नळीत असते, तसाच रंग नळीत आला. मग चित्रकाराला रंग झोळीत टाकून रानात, किनाऱ्यावर, कोठेही जाता येऊ लागले.

बूदँची एक सवय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो आभाळाची लहान लहान चित्रे काढी आणि त्यांच्यावर लिहून ठेवी : कोणती तारीख, किती वाजले होते, वारा कोणत्या दिशेचा होता. अक्षरांचा केवढा हा उपयोग! नुसते चित्र असते, तर ते कोठलेही एक आभाळ झाले असते. तारीख, वेळ आणि वारा लिहिल्याबरोबर ती त्या दिवसाची साक्ष झाली.

२. पहाटेचे आभाळ लाल का होते?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. सूर्य तोच असतो. मग तो सकाळी लाल आणि दुपारी पांढरा का दिसतो?

सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. पावसाळ्यात इंद्रधनुष्य पडते, तेव्हा ते वेगवेगळे होऊन दिसतात. हा प्रकाश हवेतून खाली येतो, तेव्हा निळा रंग हवेत जास्त विखुरतो. म्हणून दिवसा आभाळ निळे दिसते. सकाळी सूर्य अगदी खाली असतो. त्याच्या किरणांना आपल्यापर्यंत येताना हवेच्या फार लांब थरातून तिरपे यावे लागते. वाटेत निळा रंग विखरून जातो. उरतो तो तांबडा आणि नारिंगी. संध्याकाळीही हेच घडते.

युरोपातले खलाशी म्हणत, सकाळी आभाळ तांबडे दिसले तर सावध राहावे. त्यामागे कारण आहे. तिकडे ढग आणि वादळे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला जातात. पूर्व मोकळी असली म्हणजे उगवत्या सूर्याचे ऊन पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांवर पडते आणि ढग तांबडे होतात. म्हणजे चांगले हवामान पुढे निघून गेले, आणि वाईट हवामान येऊ घातले आहे. पण हा ठोकताळा तिकडचा. आपल्याकडे ऋतूप्रमाणे वारे फिरतात, म्हणून तो जसाच्या तसा इकडे लावू नये. ज्या मुलखाचे आभाळ, त्याच मुलखाचा जाणता माणूस ते नीट वाचतो. आणि आज हवामान खात्याचा इशारा आला असेल, तर आधी तो मानावा.

३. एका सकाळचे चित्र

१८७२ सालची गोष्ट. मोने ल हाव्र बंदरात एका हॉटेलात उतरला होता. खिडकीतून बंदर दिसत होते. सकाळची वेळ. पाण्यावर दाट धुके. त्या धुक्यात डोलकाठ्या, धुराडी आणि माल उचलायची यंत्रे पुसट दिसत होती. पुढे दोन-तीन लहान होड्या होत्या. आणि वर आला होता नारिंगी सूर्य, तव्यावरच्या निखाऱ्यासारखा. पाण्यात त्याची नारिंगी रेघ मोडत मोडत खाली उतरली होती.

हे दृश्य किती वेळ टिकणार? मोनेने भराभर हात चालवला. दोरखंड, फळ्या, शिडे असे बारीकसारीक काही रेखाटले नाही. नजरेला जेवढे जाणवले तेवढेच ठेवले. कापड फार मोठे नव्हते. सुमारे ६३ सेंटिमीटर लांब आणि ४८ सेंटिमीटर उंच.

या चित्रात एक खुबी आहे. त्याचा काळा-पांढरा फोटो काढला, तर सूर्य जवळजवळ नाहीसाच होतो! कारण सूर्य आणि भोवतीचे धुके यांचा उजळपणा सारखाच ठेवला आहे. फरक आहे तो फक्त रंगाचा. एक नारिंगी, दुसरा निळसर करडा. धुक्यातून वर आलेला सूर्य असाच दिसतो. त्याच्याकडे पाहताना डोळे दिपत नाहीत.

१८७४ साली मोने आणि त्याच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये प्रदर्शन भरवले. सरकारी प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना वारंवार नकार मिळत असे, म्हणून त्यांनी आपले आपण भरवले. या चित्राला नाव दिले होते, ‘इंप्रेशन, उगवता सूर्य’. इंप्रेशन म्हणजे मनावर उमटलेला ठसा. लुई लरुआ नावाच्या एका टीकाकाराने वर्तमानपत्रात टर उडवली. भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागदसुद्धा यापेक्षा पुरा असतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले. या मंडळींना त्याने ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटले. म्हणजे आपल्या बोलीत ‘ठसेवाले’. हिणवायला दिलेले ते नाव या चित्रकारांनी पुढे आपलेसे केले. आज जगभर त्यांना त्याच नावाने मानाने ओळखतात.

आणखी एक नवल ऐका. २०१४ साली अभ्यासकांनी या चित्रातल्या सूर्याची जागा, पाण्याची भरती आणि जुन्या हवामानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की ही सकाळ बहुधा १३ नोव्हेंबर १८७२ ची, वेळ सुमारे ७ वाजून ३५ मिनिटांची. ज्याला लोक अर्धवट म्हणून हसले, त्यात आभाळ आणि पाणी इतके खरे उतरले होते!

४. लाटेचा तडाखा

समुद्र रंगवायचा म्हणजे समुद्राची ओळख हवी. नाहीतर तो फसवतो.

१८८५ च्या नोव्हेंबरात मोने एत्रता या गावी, उंच कड्याखाली बसून चित्र काढत होता. त्याला वाटले, ओहोटी लागली आहे. लाटा चार हातांवर येऊन फुटत होत्या, पण त्याने तिकडे लक्ष दिले नाही. एवढ्यात एक मोठी लाट आली. तिने त्याला उचलून कड्यावर आपटले आणि परत पाण्यात ओढले. रंग, घोडी, चित्र, सगळे पाण्यात गेले. रंग कालवायची फळी तोंडावर आदळून त्याची दाढी निळ्या-पिवळ्या रंगांनी माखली. कसाबसा तो हातापायांवर सरपटत बाहेर आला. प्राण वाचले, पण चित्राच्या चिंध्या झाल्या.

मोने समुद्रकाठी वाढलेला. वीस-पंचवीस वर्षे समुद्र रंगवलेला. तरीही भरती-ओहोटीचा अंदाज चुकला. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारले असते, तर त्याने एका शब्दात सांगितले असते.

५. सुंदर बेट

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८८६ मध्ये, मोने बेल-ईल या बेटावर गेला. बेल-ईल म्हणजे ‘सुंदर बेट’. फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यासमोर हे बेट आहे. पश्चिमेला मोकळा महासागर. हजारो मैलांवरून आलेल्या लाटा थेट या बेटावर फुटतात. त्यांनी किनाऱ्याचा खडक खाऊन खाऊन कडे, गुहा आणि पाण्यात उभे सुळके केले आहेत. एका जागेचे नाव आहे ‘कापसाचे बंदर’. कारण तिथे लाटा फुटल्या की फेस पिंजलेल्या कापसासारखा उडतो. तिथल्या सुळक्यांना लोक ‘सुया’ म्हणतात.

मोने थोडे दिवस राहायचे म्हणून गेला होता. पण नोव्हेंबर संपत आला तोवर तिथेच राहिला. पश्चिम किनाऱ्याजवळच्या मोजक्या घरांच्या वाडीत त्याने मुक्काम केला. त्याने आपल्या माणसांना पत्रे लिहिली. त्यांत तो म्हणे, की उत्तरेचा समुद्र मला ठाऊक आहे, पण हा महासागर अगदी निराळा आहे. हात पुन्हा नव्याने वळवावा लागतो.

इथे त्याला पोली भेटला. पोली हा शेवंडी पकडणारा म्हातारा कोळी. तो मोनेचे सामान पाठीवर घेऊन कड्यावरच्या वाटांनी जाई. त्या निसरड्या वाटा, तो वारा, त्या लाटा त्याच्या रोजच्या पायाखालच्या. मोनेने कोळ्यांसारखेच कपडे घातले : पायांत बूट, अंगात लोकरीचे जाड कपडे, वरून टोपीचा मेणकापडी कोट. वारा हातातले कुंचले उडवून नेई. म्हणून घोडी दोरांनी बांधून, दगडांचा भार देऊन उभी करावी लागे. एका लेखकाने हे सारे त्या बेटावर डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे.

पाऊस आला, तुफान आले, तरी मोने परत गेला नाही. तुफान हेच त्याला हवे होते. दोन-अडीच महिन्यांत त्याने तिथे सुमारे ३९ चित्रे सुरू केली किंवा पुरी केली. त्यांतले काही खडक, काही वादळ, आणि एक चित्र पोलीचे. आज ‘उगवता सूर्य’ आणि पोली कोळ्याचे चित्र पॅरिसच्या एकाच संग्रहालयात आहेत. जगाला ठाऊक असलेला सूर्योदय आणि सामान वाहणारा म्हातारा कोळी, दोघांना एकाच छपराखाली जागा मिळाली.

६. एकच खडक, रोज नवा

आता त्याची काम करायची रीत पाहा. हा धड्याचा गाभा आहे.

हा किनारा पश्चिमेचा. सूर्य समुद्रातून नव्हे, तर पाठीमागून, बेटाच्या जमिनीवरून उगवे. आपल्या कोकणातही असेच होते. प्रथम कड्याची सावली पाण्यावर पडलेली असे. सूर्य वर चढला म्हणजे पाण्यातल्या सुळक्यांच्या अंगावर ऊन येई, आणि खडकातले तांबडे, हिरवे, जांभळे रंग दिसू लागत. संध्याकाळी सूर्य समोर समुद्राकडे उतरे, तेव्हा तेच खडक काळेभोर दिसत. भरतीला त्यांचे पाय बुडत, ओहोटीला उघडे पडत. ओला खडक गडद, वाळलेला फिका. म्हणजे खडक एक, पण दिवसात त्याची दहा रूपे.

मग मोने काय करी? तो एकच कापड घेऊन बसत नसे. अनेक कापडे बरोबर ठेवी. एक सकाळच्या उन्हाचे, एक ढगाळ वेळेचे, एक वादळाचे. ऊन गेले की ते कापड बाजूला ठेवून दुसरे घेई. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आणि तसेच हवामान आले, की पहिले कापड पुन्हा काढी. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाण्याची पाळी आपल्या हाती नसते. ती आली की हातातले काम टाकून दार धरावे लागते. मोनेची पाळी उजेडाची होती.

या बेटावरच्या पुष्कळ चित्रांत आभाळ अगदी थोडे आहे. वरच्या बाजूला एक पट्टी. बाकी सगळा समुद्र आणि खडक. तरीसुद्धा त्या दिवशी आभाळ कसे होते, ते लगेच समजते. कसे? समुद्रावरून. मोकळ्या आभाळाखाली पाणी निळे-हिरवे चमकते. मळभ आले की करडे होते. वारा सुटला की जागोजागी पांढरा फेस दिसतो. आणि तो फेसही निव्वळ पांढरा नसतो. सकाळच्या उन्हात त्यावर गुलाबी झाक येते, सावलीत निळी. सावली काळीच असते, असे आपण धरून चालतो. नीट पाहा, उन्हातल्या सावलीत आभाळाचा निळा रंग उतरलेला असतो. मोने हे पाहून रंगवी, ऐकून नव्हे.

ही रीत तो पुढेही पाळत राहिला. १८९०–९१ मध्ये त्याने आपल्या जिव्हेर्नी गावच्या शेतातल्या धान्याच्या गंजी रंगवल्या. सकाळ, संध्याकाळ, बर्फ, धुके, अशी त्या गंजींची सुमारे २५ चित्रे त्याने केली. १८९१ साली नदीकाठचे पॉप्लर वृक्ष रंगवत असताना बातमी आली, की गाव ती झाडे लिलावात विकणार. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन ठेवले आणि म्हटले, चित्रे पुरी होईपर्यंत झाडांना कुऱ्हाड लावू नका. तेवढे दिवस ती झाडे उभी राहिली.

७. डोळे आणि अक्षरे

ज्याचे सारे पोट डोळ्यांवर, त्याचेच डोळे म्हातारपणी अधू झाले. १९१२ साली डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. रंग मळकट, पिवळट दिसू लागले. लाल कोणता, तपकिरी कोणता, हे नजरेने कळेना. तेव्हा मोने रंगाच्या नळीवर लिहिलेले नाव वाचून रंग घेऊ लागला. फळीवर प्रत्येक रंगाची जागाही ठरवून ठेवली. डोळ्याने दगा दिला, तिथे अक्षराने हात दिला.

शस्त्रक्रियेची त्याला भीती वाटे. त्याने ती बरीच वर्षे लांबणीवर टाकली. अखेर १९२३ साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. चष्मा मिळाला. त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला आणि १९२६ साली मरण येईपर्यंत तो जमेल तसे काम करीत राहिला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेव्हापेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे. सरकारी रुग्णालयांत आणि नेत्रशिबिरांत ती होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धूसर दिसत असेल, तर भीतीपोटी वर्षे घालवू नका.

८. करून पाहा

आपल्याला चित्र काढता येवो न येवो, बूदँची सवय लावून घेता येईल. एक वही घ्या. रोज सकाळी एकाच जागी उभे राहा. टेकडी, झाड, देवळाचा कळस किंवा किनाऱ्यावरचा खडक, असे एकच ठिकाण धरा. त्याच्याकडे पाहा आणि चार ओळी लिहा : तारीख, वेळ, वारा, आभाळाचा रंग. दुपारी पाऊस आला की नाही, तेही लिहा. महिन्याने वही वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ठोकताळे विचारा आणि तेही उतरवून घ्या. पोली कोळ्याला समुद्राबद्दल जे ठाऊक होते, ते कोणी लिहून घेतले नाही. त्याचे चित्र राहिले, ज्ञान त्याच्याबरोबर गेले. तुमच्याजवळचे जाऊ देऊ नका. आभाळ वाचायला तुम्हाला आधीच येत होते. आता लिहायलाही येते.

सांगा पाहू

१. बूदँ आभाळाच्या चित्रावर काय लिहून ठेवी? त्याचा उपयोग काय?
२. सकाळचा सूर्य तांबडा का दिसतो?
३. ‘ठसेवाले’ हे नाव कोणी आणि का दिले?
४. एत्रता गावी मोनेवर कोणता प्रसंग आला?
५. चित्रात आभाळ थोडे असले, तरी हवामान कशावरून कळते?
६. तुमच्या गावात आभाळाचा कोणता ठोकताळा सांगतात? तो कितपत खरा ठरतो?

शब्दांचे अर्थ

मळभ – ढगांमुळे आलेला अंधुकपणा
सुळका – टोकदार उभा खडक
घोडी – चित्र उभे करून ठेवायची लाकडी चौकट
कुंचला – रंग लावायचा ब्रश
शेवंड – समुद्रातला मोठा कवचाचा जीव, कोळंबीच्या जातीचा
ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला अंदाज